राखेवरून आगीची परीक्षा

मेंदूतील बारीक रक्तवाहिन्या जाड व अरुंद होऊ लागल्या की मेंदूच्या आतल्या पांढऱ्या भागाला रक्त कमी पडते. कुठे मसुराएवढा, कुठे वाटाण्याएवढा भाग मरतो. माणूस एकदम विसरभोळा होत नाही, तो मंदावतो. बाजारचा हिशोब लांबतो, पाऊल घासत पडते. घरचे म्हणतात, वय झाले.

हा ऱ्हास रक्ताच्या तपासणीत कळेल, अशा बातम्या अलीकडे वारंवार येतात. त्या वाचताना दोन गोष्टींची सरमिसळ होते. अमेरिकेत २०२५ च्या मे महिन्यात ज्या रक्तचाचणीला मान्यता मिळाली ती अल्झायमरची आहे. सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या विकाराची नव्हे. या विकारासाठी ज्याची चर्चा होते ते मुख्यतः 'न्यूरोफिलामेंट लाइट' नावाचे प्रथिन.

डहाणू-तलासरीसारख्या भागात अशा चाचणीचा मोह पडणे स्वाभाविक आहे. आज सत्तरीपुढच्या अनेक वारली आजी-आजोबांनी शाळा पाहिलेली नाही. त्यांना शंभरातून सात-सात वजा करायला लावणे ही बुद्धीची नव्हे, शाळेची परीक्षा झाली. हरियाणातील बल्लभगड येथे निरक्षर वृद्धांसाठी तयार केलेली चाचणी १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात 'डोळे मिटा' असे लिहिलेला कागद दाखवत नाहीत. परीक्षक स्वतः डोळे मिटतो आणि तसेच करायला सांगतो. किती साधी सुधारणा! पण प्रत्येक बोलीत असे काम करायला वर्षे लागतात. त्यापेक्षा रक्त बरे, त्याला बोली नसते, असे वाटू लागते.

येथे शिक्षकांच्या परिचयाचे उदाहरण घेऊ. सिकलसेलच्या पहिल्या तपासणीत रक्त विशिष्ट द्रावणात टाकतात, आणि सदोष हिमोग्लोबिन असेल तर द्रावण गढूळ होते. मूल वाहक आहे की रुग्ण हे पुढच्या तपासणीत ठरते. तरी मुळाशी जो दोष आहे तोच येथे हाती लागतो. न्यूरोफिलामेंटचे तसे नाही. ते चेतापेशीच्या लांब तंतूचा सांगाडा आहे. तंतू तुटला की त्याचे अंश रक्तात उतरतात, तेही इतके थोडे की मोजमाप पिकोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या लाख कोटीव्या भागात, करावे लागते. तंतू कशाने तुटला हे ते सांगत नाही. डोक्याला मार लागला तरी ते वाढते, अन्य मेंदूविकारांतही वाढते. राख सापडली, आग चुलीची की वणव्याची, ते कळले नाही.

ऑस्ट्रियातील ग्राझ येथील २०१७ चा अभ्यास या विषयात महत्त्वाचा. मेंदूच्या आतल्या भागात नुकतीच लहान इजा झालेल्या रुग्णांत हे प्रथिन वाढलेले होते, तिसऱ्या महिन्यातही वाढलेलेच होते, पण पंधराव्या महिन्यात पूर्ववत झाले. याचा अर्थ बातम्यांत क्वचितच येतो. पाच वर्षांपूर्वीच्या इजेने मंदावलेल्या आजोबांचा आकडा आज अगदी 'नॉर्मल' येऊ शकतो.

माझा मोठा आक्षेप मात्र त्या 'नॉर्मल'लाच आहे. वयाबरोबर हे प्रथिन वाढते. मूत्रपिंडे मंदावली तर वाढते. आणि शरीर जड असेल तर रक्ताचे आकारमान मोठे असल्याने ते पातळ होऊन कमी भरते. बरीचशी प्रमाणे युरोप-अमेरिकेतील धष्टपुष्ट लोकांवरून बसवलेली आहेत. तलासरीतील चाळीस-बेचाळीस किलोच्या आजीला ती लावली, तर मेंदू ठीक असूनही तिचा आकडा चढा दिसण्याचा संभव आहे. शाळेची परीक्षा टाळली, पण वजनाची परीक्षा मागच्या दाराने आत आली. स्थानिक प्रमाणे बसवली, किंवा त्याच व्यक्तीचे रक्त काही महिन्यांनी पुन्हा तपासले, तर आकड्याला काही अर्थ येईल.

तोवर दंडाला बांधायचा रक्तदाबाचा पट्टा अधिक उपयोगी. अमेरिकेतील नऊ हजारांवर लोकांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले: वरचा रक्तदाब १४० ऐवजी १२० च्या खाली ठेवण्याचे उद्दिष्ट असलेल्या गटात बुद्धीच्या सौम्य ऱ्हासाचे प्रमाण कमी आढळले. पूर्ण स्मृतिभ्रंशाबाबतचा फरक निर्णायक नव्हता. शिवाय मधुमेही त्यात घेतलेलेच नव्हते, तेव्हा वरची तक्रार थोडीफार यालाही लागू आहे.