बोटांना पुढची चाल आठवेना

इंग्लंडमधून निघणाऱ्या ‘ब्रेन’ या जुन्या, भारदस्त नियतकालिकाच्या १९७३ सालच्या खंडात वीस पानांचा एक लेख आहे. लेखक आल्फ ब्रोडाल, ऑस्लो विद्यापीठात शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक. पक्षाघात झाल्यावर स्वतःत काय काय दिसलं आणि मेंदूच्या रचनेवरून त्याचा अर्थ कसा लागतो, हा विषय. शीर्षक इतकं कोरडं की नेहमीच्या वर्गणीदारानेही पान उलटून पुढे जावं. पक्षाघातावरच्या आत्मपर लेखनात मला मात्र याच्या तोडीचं दुसरं काही सापडलेलं नाही. झां-दोमिनिक बोबी यांनी पापणीच्या उघडझापीतून लिहवून घेतलेलं पुस्तक जगभर गाजलं, त्यावर २००७ साली चित्रपटही निघाला, आणि ते कौतुक रास्तच होतं. पण बोबी मुळातले संपादक; शब्द हे त्यांचं रोजचं काम. ब्रोडाल यांना चांगलं लिहायचं नव्हतं, बरोबर लिहायचं होतं. या लेखाची गोडी तिथून सुरू होते.

१९७२ च्या एप्रिलमध्ये, वयाच्या ६२ व्या वर्षी, त्यांच्या शरीराची डावी बाजू दुबळी झाली. शुद्ध हरपली नाही. ज्या माणसावर हे गुदरलं त्याची हयात मेंदूतला कोणता तंतू कुठून निघतो आणि कुठे पोचतो हे शोधण्यात गेली होती. मज्जासंस्थेची रचना आणि रोगनिदान यांची सांगड घालणारं त्यांचं पुस्तक १९४८ साली इंग्रजीत आलं आणि पुढे कित्येक देशांतल्या डॉक्टरांनी त्यावर अभ्यास केला. नकाशा काढणाऱ्याचीच वाट बंद व्हावी, यावर एखाद्याने पानंच्या पानं भरली असती. ब्रोडाल या विरोधाभासाकडे ढुंकूनही पाहत नाहीत. इजा नेमकी कुठे झाली हे दाखवणारं सीटी स्कॅन तेव्हा जेमतेम जन्माला आलं होतं. रुग्णाच्या मेंदूवर त्याचा पहिला वापर लंडनमध्ये १९७१ च्या ऑक्टोबरमध्ये झाला. त्यामुळे आपल्या मेंदूच्या उजव्या भागात काय बिघडलं असावं, हे त्यांना लक्षणांवरूनच ताडावं लागलं, जसं ते आयुष्यभर दुसऱ्यांच्या बाबतीत ताडत आले होते.

स्वतःची हकीकत सांगताना ते स्वतःला ‘रुग्ण’ म्हणतात. वैद्यकीय लेखाचा हा ठरीव संकेत आहे, त्यात नवल काही नाही. पण इथे संकेताला वेगळाच रंग चढतो. ‘मी’ गेला की हुंदका जातो आणि मागे निरीक्षण उरतं. असं निरीक्षण वस्तुनिष्ठ मानावं का, अशी शंका कुणी काढील, याची जाणीवही त्यांना आहे; ती शंका ते आधीच टेबलावर मांडतात आणि कामाला लागतात.

लेखाचा गाभा म्हणजे दुबळा स्नायू हलवतानाचं वर्णन. हात उचलायचा म्हटलं तर तो उचलला जात नाही, इथवर सगळेच सांगतात. ब्रोडाल एक पायरी खाली उतरतात: जोर लावताना आत नेमकं काय जाणवतं? त्यांना स्नायू जणू आकसायला नाखूष वाटतो, काहीतरी अडवून धरतंय असं वाटतं, आणि तो अडसर नेटाने रेटावा लागतो. हा नेट म्हणजे एक प्रकारची मानसिक शक्ती, असं ते म्हणतात, आणि पुढे शास्त्रज्ञाला कबूल करायला जड जावं असं काहीतरी सांगतात: ही शक्ती मोजता येत नाही, तिची नीट व्याख्याही करता येत नाही. पण ती खर्च होते. अगदी छोट्या हालचालीनेही माणूस गळून जातो, आणि उपचार करणाऱ्याने हे ध्यानात ठेवायला हवं.

हा भाग वाचताना आपल्याकडची घरं आठवतात. पलंगाशेजारी बसलेला मुलगा सांगत असतो, ‘बाबा, मनावर घ्या, जोर लावा, तुम्ही प्रयत्नच करत नाही.’ बाबा प्रयत्न करत असतात. तो दिसत नाही, एवढंच. बाहेरून पाहणाऱ्याला अंगठा अर्धा इंच हललेला दिसतो, आतल्या माणसाची दिवसभराची शिदोरी तिथे संपलेली असते. पुढे अमेरिकेत एडवर्ड टॉब यांनी धडधाकट हात बांधून ठेवायचा आणि दुबळ्या हाताकडून तासन्‌तास काम करून घ्यायचं, अशी पद्धत रुजवली, आणि ज्यांच्या हातात थोडीफार हालचाल उरलेली असते त्यांना तिचा फायदा होतो. पण त्या तासांची किंमत काय, हे ब्रोडाल यांच्या लेखातून जितकं कळतं तितकं उपचारपुस्तिकांतून कळत नाही.

लगेच पुढे आणखी एक बारकावा येतो. फिजिओथेरपिस्टने हात स्वतः धरून ती हालचाल काही वेळा करून दिली, की नंतर रुग्णाला ती आपली आपण करणं सोपं जातं. सांध्यांतून आणि स्नायूंतून वर गेलेली खबर हा जोर कुठे लावायचा ते दाखवते, असा त्यांचा कयास. घरोघरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टबद्दल ‘नुसता हात हलवून पैसे घेतो’ असं कुरकुरणाऱ्यांनी हा परिच्छेद जरूर वाचावा.

आणि मग येतो बो-टाय. मला विचाराल तर लेखाचं शिखर हेच. ब्रोडाल यांनी सुमारे चाळीस वर्षं स्वतःच्या हाताने ही गाठ बांधली होती. पक्षाघातानंतर डाव्या हाताची बोटं अशक्त आणि ताठर झाली, म्हणून गाठ जमेना, असं कुणीही म्हणेल. ते म्हणतात, फक्त तेवढंच नाही. एका ठरावीक टप्प्यावर हात थांबत, कारण बोटांना पुढची चाल ठाऊकच नसे. पाठ असलेली लांब कविता म्हणताना मध्येच अडावं तसं. मग उपाय एकच, पहिल्यापासून सुरू करायचं. एकोणतिसाचा पाढा म्हणताना पोराला मध्येच कुणी टोकलं की ते पुन्हा ‘एकोणतीस एके’वर जातं, अगदी तसंच. बोटांवर लक्ष केंद्रित करून पाहिलं, तर काम सुधारण्याऐवजी पार अशक्य होई.

कारण ते असं लावतात: सवयीच्या हालचालींची साखळी ठरलेल्या गतीने पुढे सरकते, एक दुवा उशिरा आला की सगळी साखळी तुटते. अशक्तपणाने बोटं मंदावली आणि त्या मंदपणानेच आठवण पुसली. आपल्या दवाखान्यांत बटण लावायला, नाडीची गाठ मारायला, घास तोंडापर्यंत न्यायला शिकवतात, तिथे रोज हाच प्रसंग घडतो. त्याला ‘जमत नाही’ याहून नेमकं वर्णन फार थोड्यांनी दिलं असेल.

अक्षराचा भाग तर एखाद्या रहस्यकथेसारखा आहे. ब्रोडाल उजव्या हाताने लिहीत. पक्षाघात डावीकडे झालेला, म्हणजे उजवा हात शाबूत. तरीही अक्षर बिघडलं. ओळी वेड्यावाकड्या होऊ लागल्या. ‘चांगली बाजू’ म्हणून आपण जिच्याकडे पाहतो तीही पुरती चांगली राहत नाही, हे त्यांनी स्वतःच्या हस्ताक्षरातून पकडलं. मेंदूचा एक कोपरा गेला तरी सगळ्या यंत्रणेचा तोल थोडा ढळतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे. तो त्यांनी पूर्वीच्या आणि नंतरच्या अक्षराची तुलना करून, शांतपणे काढला.

बाकीचं ते भराभर सांगतात. लक्ष टिकत नाही. लांब वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात निसटते. रडू आवरत नाही. रडण्याची नोंद तर इतक्या सरळपणे येते, जणू नाडीचे ठोके लिहावेत. या संयमाचं मला कौतुक आहे, आणि थोडी तक्रारही. वाचक म्हणून मी तिथे आणखी काहीतरी ऐकायला थांबलो होतो. ते मिळत नाही.

उत्तरार्धात लेख जड होतो. मेंदूपासून मज्जारज्जूपर्यंतचे मार्ग, लहान मेंदूशी असलेले दुवे, एकामागून एक येत राहतात. सामान्य वाचकाने ही पानं चाळून सोडली तरी बिघडत नाही. मला खटकतं ते वेगळंच. पूर्वार्धात ज्या माणसाने मोजता न येणाऱ्या शक्तीची कबुली दिली, तो उत्तरार्धात प्रत्येक अनुभवाला एखादा तंतू शोधून देऊ पाहतो, आणि काही ठिकाणी तो शोध अपुरा पडलेला दिसतो. ज्या वर्षी हा लेख छापून आला त्याच वर्षी टिमथी ब्लिस आणि तेर्ये लोमो यांनी, ब्रोडाल यांच्याच विद्यापीठात केलेल्या सशांवरच्या प्रयोगांतून, वापराने मज्जापेशींमधले जोड बळकट होतात आणि ते बळ तासन्‌तास टिकतं, हे दाखवलं. पुन्हा शिकणं म्हणजे मेंदूत काय घडणं, याच्या उत्तराचा एक धागा ऑस्लोतच विणला जात होता.

पुढे ब्रोडाल यांनी आपल्या त्या पुस्तकाची तिसरी इंग्रजी आवृत्ती केली, हजारावर पानांची. ती १९८१ साली आली. १९८८ साली ते वारले.

लेख पुन्हा वाचताना माझं लक्ष आता एकाच ठिकाणी अडतं. हात उचलण्याच्या परिच्छेदात मन पणाला लावल्याखेरीज काही हलत नाही. बो-टायच्या परिच्छेदात मन घातलं की हालचाल मोडते. दोन्ही अनुभव एकाच माणसाचे, एकाच आजारपणातले. ब्रोडाल ते थोड्या पानांच्या अंतराने ठेवतात आणि त्यांची सांधेजोड करायच्या फंदात पडत नाहीत. फिजिओथेरपिस्टला ती टाळता येत नाही. एकाच तासाभरात, एकाच माणसाला, खांद्यासाठी तो म्हणतो ‘सगळं लक्ष इकडे द्या’, आणि बटणासाठी म्हणतो ‘बोटांकडे बघू नका, गप्पा मारत लावा.’ पहिल्या सूचनेकडून दुसरीकडे नेमकं कधी वळायचं, ते त्याला समोरच्या हाताकडे बघूनच ठरवावं लागतं.