व्यवस्थापन संशोधनातील ‘उद्योजक’ : कबनूर-इचलकरंजीच्या यंत्रमागांच्या संदर्भात

प्रस्तावना :
व्यवसाय व समाज यांच्या परस्परसंबंधांवर प्रकाश टाकणे हे व्यवस्थापन संशोधनाचे एक प्रयोजन मानले जाते. ते कितपत साध्य होते, हे संशोधक कोणाला प्रश्न विचारतो यावर अवलंबून असते.

विवेचन :
या दृष्टीने ए. के. राइस यांचा अहमदाबादच्या कॅलिको मिलमधील अभ्यास आजही महत्त्वाचा आहे. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेच्या या संशोधकाने १९५३ मध्ये पाहणी केली, तेव्हा नवे स्वयंचलित माग बसवूनही अपेक्षित उत्पादन मिळत नव्हते. राइस यांनी दोष कामगारांच्या माथी न मारता कामाची विभागणी तपासली. एकाच शेडमधील काम बारा प्रकारच्या कामगारांत विखुरलेले होते. ठरावीक मागांची जबाबदारी कोणत्याही गटाकडे नव्हती. असे गट तयार होताच उत्पादन वाढले व सदोष कापड घटले. १९५८ मध्ये हा अभ्यास ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला.

तथापि राइस यांचे विश्लेषण प्रामुख्याने एका मालकाच्या गिरणीपुरते होते. इचलकरंजीत विठ्ठलराव दातार यांनी १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग सुरू केला. पुढे हा व्यवसाय लगतच्या कबनूरसारख्या गावांत पसरला. येथे गिरणीतील कामे सायझिंग, माग, प्रोसेस अशा स्वतंत्र घटकांत वाटली गेली आहेत. ‘खर्चीवाला’ म्हणून ओळखला जाणारा यंत्रमागधारक व्यापाऱ्याचे सूत मजुरीवर विणून देतो. माग, शेड, वीजबिल व कामगारांचा पगार त्याचा. सूत, कापड व बाजारपेठ मात्र व्यापाऱ्याची. प्रश्नावलीत ‘उद्योजक’ म्हणून नोंदला जाणारा हा घटक काय विणावे व कापड कोणत्या दराने विकावे हे ठरवीतच नाही.

परिणामी केवळ मागमालकाकडून प्रश्नावली भरून घेतल्यास वीजदर, भांडवलटंचाई, कामगारटंचाई ही ठरावीक उत्तरे हाती येतात. ती खोटी नसतात. पण अपुरी असतात. त्यांवरून विपणन कौशल्य वाढविण्याची शिफारस केली, तर ती बाजारपेठच नसलेल्या व्यक्तीला उद्देशून होते. आधुनिकीकरणासाठी कर्ज सुचविले, तर हप्ता त्याच्यावर पडतो. मजुरीच्या दराची हमी मात्र कोणीच देत नाही. मंदीत प्रथम माग थांबतो आणि त्याबरोबर विणकराची व कांड्या भरणाऱ्यांची रोजची मिळकतही.

निष्कर्ष :
राइस यांचे निष्कर्ष कबनूरला जसेच्या तसे लागू करणे अयोग्य ठरेल. त्यांची दृष्टी मात्र स्वीकारण्याजोगी आहे. अभ्यासाचे एकक कारखाना न मानता सुतापासून विक्रीपर्यंतची साखळी मानावी. निर्णय कोणाचा आणि जोखीम कोणाची, हा प्रश्न साखळीतील प्रत्येक घटकाला विचारला गेला, तरच संशोधनाचा प्रकाश व्यवसायाबरोबर समाजावरही पडेल.