आजाराआधी दुखणं

परभणीहून पुण्याला दाखवायला निघालेला पेशंट नांदेड-पनवेल गाडीत बसला, की लातूर, कुर्डुवाडी करत रात्री कधीतरी भिगवण ओलांडतो. बहुधा झोपेतच. उजनी धरणाच्या फुगवट्यावर उतरणारे रोहित पक्षी पाहायला लोक तिथे जातात. संधिवाताच्या शास्त्रात मात्र हे गाव प्रसिद्ध आहे ते दुखण्यांच्या मोजणीमुळे. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ साली भिगवणमध्ये घरोघर पाहणी केली आणि पुढची कितीतरी वर्षं ते तिच्यावर लिहीत राहिले.

त्यांच्या शोधनिबंधांची यादी लांबलचक आहे. मला तिच्यात रस वाटतो तो एका सवयीमुळे: आजाराचं नाव घेण्याआधी हा माणूस दुखतं कुठे ते विचारतो.

ही पद्धत त्यांची एकट्याची नव्हे. जागतिक आरोग्य संघटना आणि संधिवाततज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी १९८१ मध्ये ‘कॉपकॉर्ड’ नावाचा कार्यक्रम सुरू केला, त्याचीच ती रीत. आधी प्रशिक्षित कार्यकर्ते दारोदार फिरून प्रश्न विचारतात, मग दुखण्याची नि अडलेल्या कामांची नोंद होते आणि शेवटी डॉक्टर तपासतो. रुग्णालयात बसून मोजलेला संधिवात हा तिकिटाला पैसे असणाऱ्यांचा संधिवात असतो. इथे मोजणीच उंबऱ्यावर आली. भिगवणमध्ये ४०९२ प्रौढांना विचारलं, त्यांतल्या ७४६ जणांनी, म्हणजे १८.२ टक्क्यांनी, सांध्यांची किंवा स्नायूंची तक्रार सांगितली. खरा आमवात, ज्यात शरीराची संरक्षणव्यवस्था आपल्याच सांध्यांवर उलटते, तो निघाला अर्ध्या टक्क्याच्या आसपास. बऱ्याच जणांच्या दुखण्याला नेमकं नावच देता आलं नाही, पण म्हणून त्यांना यादीतून गाळलं नाही.

२००२ मध्ये ‘जर्नल ऑफ र्‍हुमॅटॉलॉजी’त आलेल्या निबंधाचं शीर्षक पाहा. त्यात शब्द येतात ते या क्रमाने: वेदना, अपंगत्व, लोकांची जाणीव आणि त्यांच्या समजुती. एकाही आजाराचं नाव नाही. परभणी जिल्ह्यात गंगाखेड-पाथरीकडे कापूस वेचणारी बाई ‘बोटं वळंनात’, ‘सकाळी उठवत नाही’ एवढंच सांगते; तिचं बोलणं जिथून सुरू होतं तिथूनच हे शीर्षक सुरू होतं. वैद्यकीय नियतकालिकात असं क्वचित घडतं.

त्या अर्ध्या टक्क्याशी मी थोडा खेळलो. २०११ च्या जनगणनेत परभणी जिल्हा १८ लाख ३६ हजारांचा. प्रौढ १२ लाख धरले तर आमवाताचे रुग्ण होतात सहा हजार. भिगवणचं माप परभणीला जसंच्या तसं लागेल असं नाही, पण टक्क्यात न दिसणारी माणसं आकड्यात दिसतात.

मोजणी सोडून आता चोप्रांच्या यादीतले औषधचाचण्यांचे दोन निबंध शेजारी ठेवतो. २००० सालचा पहिला: अश्वगंधा, शल्लकी, सुंठ, हळद यांचं मिश्रण आमवाताच्या १८२ रुग्णांवर १६ आठवडे तपासलं. काही रुग्णांना औषध, काहींना तसाच दिसणारा निरौषधी डोस. कुणाला काय मिळतंय हे रुग्णालाही ठाऊक नाही, डॉक्टरलाही नाही. औषधाचं पारडं थोडं जड दिसलं, पण निरौषधी गटालाही इतका आराम पडला की बहुतेक निकषांवर ठाम फरक उरला नाही. हे त्यांनी छापलं. मला या यादीतली सर्वांत देखणी जागा हीच वाटते.

दुसरा २०१३ चा, गुडघ्याच्या झिजेवरचा. ४४० रुग्णांत आयुर्वेदिक औषधं ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिब या प्रचलित औषधांच्या तोडीची ठरली, असा त्याचा निष्कर्ष. ‘तोडीची’ हा शब्द कानाला मोठा वाटतो. संख्याशास्त्रात त्याचा अर्थ आधी ठरवून घेतलेल्या मर्यादेत मावणारा फरक, इतकाच. यकृताच्या तपासणीत काही रुग्णांचे आकडे वाढल्याची नोंदही त्यात आहे. शीर्षकात हे बसत नाही, म्हणून आतली पानं उलटावी लागतात.

आयुर्वेदाचे अभिमानी हा दुसरा निबंध नाचवतात, विरोधक पहिला. लिहिणारा हात एकच आहे, हे दोघंही विसरतात. वाचायचेच असतील तर २००० चा आधी वाचा.