रेडॉक्स अनुमापनाचे प्रात्यक्षिक आणि डिचोलीचे लोहखनिज : एक चिकित्सा

एनसीईआरटीच्या बारावीच्या रसायनशास्त्र प्रयोगपुस्तिकेत रेडॉक्स अनुमापनाचा समावेश आहे. ज्ञात संहतीचे ऑक्झॅलिक आम्ल किंवा मोहर मीठ शंकूपात्रात घेऊन ब्युरेटमधील पोटॅशिअम परमँगनेटची संहती काढली जाते. फिकट गुलाबी रंग टिकला की अंतिम बिंदू आला. वेगळा दर्शक लागत नाही. पेडणे व डिचोली येथील विद्यार्थ्यांच्या दृष्टीने या प्रयोगाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रयोगात विरल सल्फ्युरिक आम्लच वापरतात. हायड्रोक्लोरिक आम्ल घेतल्यास काही परमँगनेट क्लोराइडच्या ऑक्सिडीकरणात खर्च होते व वाचन चुकते. विद्यार्थी मात्र कारण विसरून 'हायड्रोक्लोरिक नको' एवढाच नियम पाठ करतो. लोहखनिजाच्या पारंपरिक पृथक्करणात तर खनिज हायड्रोक्लोरिक आम्लातच विरघळवतात, स्टॅनस क्लोराइडने फेरिक लोहाचे फेरसमध्ये क्षपण करतात आणि पोटॅशिअम डायक्रोमेटने अनुमापन करतात. थंड, विरल हायड्रोक्लोरिक आम्लातील क्लोराइडचे डायक्रोमेट ऑक्सिडीकरण करीत नाही. ज्याला कारण समजले आहे, त्याला यात विसंगती दिसणार नाही.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. अपेक्षित उत्तर आधी ठाऊक असले की वाचने जुळवून लिहिण्याचा मोह होतो. अशा चुकीची किंमत विद्यार्थ्याला कळत नाही. डिचोलीच्या उदाहरणाने ती सहज कळेल. ५८ टक्के लोह असलेल्या ०.४ ग्रॅम खनिजाला ०.१ नॉर्मल डायक्रोमेट सुमारे ४१.५ मिलिलिटर लागते. वाचनात अर्ध्या मिलिलिटरची चूक झाली तर उत्तर सुमारे ०.७ टक्क्याने सरकते. २०१६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ५८ टक्क्यांहून कमी लोह असलेल्या खनिजावरील निर्यात शुल्क काढण्यात आले होते. म्हणजे एवढ्याशा चुकीने शुल्काची बाजूच बदलू शकते.

ज्या गावांनी खाणीची धूळ सोसली, तेथील मुलांना खनिजाची प्रत कशी ठरते हे ठाऊक नसावे, ही खेदाची बाब आहे. पारंपरिक पद्धतीत जादा स्टॅनस क्लोराइड काढण्यासाठी विषारी मर्क्युरिक क्लोराइड वापरतात. ते विद्यार्थ्यांच्या हाती देऊ नये, हे मान्यच. परंतु मोहर मिठाचे डायक्रोमेटने अनुमापन करून घेता येईल आणि संहती फक्त शिक्षकांनाच ठाऊक असेल असे द्रावण देता येईल. डिचोलीचे खनिज व पेडण्याचा जांभा दगड या दोहोंतील लोहाचा संदर्भ त्यास जोडावा. प्रयोग तोच राहील. उत्तर मात्र विद्यार्थ्याचे स्वतःचे असेल.