मधला ‘पण’

“मुलगी सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस आहे.” स्थळ पाहून आलेल्या मंडळींच्या तोंडचे हे वाक्य आपल्या घरांत अपरिचित नाही. हेतू प्रशंसेचा असतो. तरी त्यातील ‘पण’ मुलीला जन्मभर टोचत राहतो. हाच ‘पण’ पवित्र शास्त्राच्या भाषांतरातही ठाण मांडून बसलेला आहे.

जुन्या करारातील ‘गीतरत्न’ या प्रेमकाव्याच्या आरंभीच नायिका यरुशलेमच्या कन्यांना आपली ओळख करून देते. काळी आणि सुंदर, अशी दोन्ही विशेषणे ती स्वतःला लावते. मूळ हिब्रूत त्यांच्यामध्ये ‘वाव’ हे एकच अक्षर आहे. आपल्या ‘व’प्रमाणे ते शब्द जोडते, क्वचित संदर्भाने विरोधही दर्शविते. प्राचीन ग्रीक भाषांतरात येथे ‘आणि’ आहे. संत जेरोम यांनी लॅटिनमध्ये ‘पण’ पसंत केला आणि पश्चिमेकडील ख्रिस्तसभेने शतकानुशतके तोच वाचला. १९८९ च्या ‘न्यू रिव्हाइज्ड स्टँडर्ड व्हर्शन’ या इंग्रजी भाषांतरात ‘आणि’ परत आला.

मला ‘आणि’च योग्य वाटतो. नायिका लगोलग दोन उपमा देते: केदारचे तंबू व शलमोनाचे पडदे. एक रानातला, दुसरा राजवाड्यातला. दोन्ही ती सारख्याच तोऱ्याने मिरविते. पुढच्याच ओळीत मात्र, आपल्या काळेपणाकडे पाहत राहू नका, अशी विनवणी ती करते. तेव्हा संकोच मुळीच नाही असे म्हणता येणार नाही. परंतु कारण काय सांगते? भाऊ रागावले, त्यांनी तिला द्राक्षमळ्यांची राखण करायला लावले, उन्हाने ती रापली. स्वतःचा मळा राखायचा राहूनच गेला. तक्रार कातडीविषयी नाही, भावांविषयी आहे. शेतात-वाडीत राबलेल्या आपल्या आज्यांना ही ओळ कोणी समजावून सांगावी लागली नसती.

तिसऱ्या शतकातील भाष्यकार ओरिजेन यांनी या काळेपणाचा संबंध पापाशी आणि सौंदर्याचा पश्चात्तापाशी जोडला. रूपकार्थाची ही परंपरा थोर आहे, पण (हा ‘पण’ माझा) तिच्यात उन्हात उभी असलेली मुलगी दिसेनाशी झाली. तिला पुन्हा पाहण्याचे श्रेय स्त्रीवादी अभ्यासकांकडे जाते. फिलिस ट्रिबल यांनी १९७८ च्या आपल्या ग्रंथात असे दाखविले, की एदेन बागेत बिघडलेले स्त्रीपुरुषांचे नाते या काव्यात सावरते. येथे कोणी कोणावर सत्ता गाजवीत नाही. काव्याचा पहिला आणि शेवटचा शब्दही स्त्रीचाच आहे. प्रेमिकांपुरते हे विवेचन मला मान्य आहे. भावांच्या सत्तेचे काय, हा प्रश्न तरीही उरतो.

गोरेपणाचे आश्वासन देणारे ‘फेअर अँड लव्हली’ हे क्रीम आपल्या देशात १९७५ साली आले. २०२० साली त्याच्या नावातील ‘फेअर’ हा शब्द जाऊन तेथे ‘ग्लो’ आला. शब्द बदलला, स्थळ पाहणाऱ्यांचा ‘पण’ अजून जागच्या जागी आहे. आणि केवळ व्यापाऱ्यांना दोष देऊन आपली सुटका होत नाही. मरिया नाझरेथची, कष्टकऱ्याच्या घरातली यहुदी मुलगी होती. धर्मग्रामातील नाताळच्या देखाव्यासाठी मुलांची निवड करताना मात्र तिचा निळा शेला बहुधा वर्गातल्या गोऱ्या मुलीच्या डोक्यावर जातो, आणि सावळीच्या वाट्याला मेंढपाळाचे घोंगडे येते.