दोन स्त्रिया, एक पेटी

आमच्या नाकाडोंगरीकडे पारायणानंतरच्या गप्पांत कुंतीचा विषय निघाला की बोध एका वाक्यात उरकतो: नको ते करून पाहायला गेली आणि जन्मभर भोगले. हा बोध बहुधा समोर बसलेल्या मुलींसाठी असतो. महाभारत खरोखर तसे म्हणते का, एवढेच येथे तपासायचे आहे. त्यासाठी पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केलेली चिकित्सक आवृत्ती मी आधाराला घेतली आहे.

दुर्वासांचा मंत्र मिळाल्यावर कुंतीने सूर्याला बोलावले, त्याचे कारण आदिपर्व एका शब्दात देते: कौतूहल. वनपर्वात हीच कथा विस्ताराने येते. सूर्य समोर येताच ती घाबरते. मंत्राचे बळ पाहण्यासाठी बोलावले, आता परत जावे, अशी विनवणी करते. सूर्य ऐकत नाही. तसाच परतलो तर तुला, तुझ्या पित्याला आणि मंत्र देणाऱ्या ब्राह्मणाला शाप देईन, असे धमकावतो. मुलीचा नकार न ऐकणारे सामर्थ्य या अनर्थाच्या मुळाशी आहे. बोध सांगताना नेमका हाच भाग गळतो.

पुढे कुंती दाईच्या मदतीने बाळाला पेटीत ठेवून अश्वनदीत सोडते. पेटी चर्मण्वती, यमुना आणि गंगा असा प्रवास करीत चंपानगरीजवळ येते. तेथे अधिरथ सूताची निपुत्रिक पत्नी राधा ती पाहते आणि बाहेर काढवते. का? वनपर्वाचा शब्द पुन्हा तोच: कौतूहल. ज्या वृत्तीने कर्ण जन्माला आला, त्याच वृत्तीने तो वाचला. कुंतीचे कुतूहल आपण शंभरदा सांगतो, राधेचे एकदाही नाही.

ग्रीकांच्या पँडोराशी ही कथा ताडून पाहण्यासारखी आहे. तिने झाकण उघडले आणि जगभर दुःखे पसरली. हेसिअडच्या काव्यात ती पेटी नसून रांजण आहे, आणि तिने तो कुतूहलाने उघडला असेही त्यात म्हटलेले नाही. तो दोष पुढच्या सांगणाऱ्यांनी तिच्या माथी मारला. बाईच्या कुतूहलावर खापर फोडण्याची सवय आपल्यापुरती नाही, हे यावरून दिसते.

आधुनिक मराठीतही राधा मागेच राहिली. शिवाजी सावंतांच्या १९६७च्या ‘मृत्युंजय’मध्ये कर्ण, कुंती, वृषाली, दुर्योधन, शोण आणि श्रीकृष्ण अशी सहा पात्रे स्वमुखाने बोलतात. जन्मदात्रीला तेथे निवेदन मिळाले, पेटी बाहेर काढवणारीला मिळाले नाही. कादंबरीची थोरवी मान्य करूनही ही उणीव मला जाणवते.

कर्ण मात्र राधेला विसरला नाही. उद्योगपर्वात कृष्ण त्याला राज्य देऊ करतो, तेव्हा तो सांगतो की मला पाहताच राधेला पान्हा फुटला, तिने माझे मलमूत्र काढले. तिचा पिंड मी कसा लोपू द्यावा?

पेटीत काय आहे हे पाहण्याची इच्छा दोघींनाही झाली असती. उघडल्यावर हाती आलेले मूल सांभाळण्याची मोकळीक एकीला होती, दुसरीला लोकलाजेने ती दिली नाही. मुलींना कुंतीची गोष्ट सांगायचीच असेल, तर ती राधेच्या काठापर्यंत नेऊन सांगावी.