कोसंबींचा तराजू आणि कोसंबींची पायपीट

संशोधन म्हटले की आपल्याकडे आधी प्रश्नावली छापून येते. शोधायचे काय, हे मागाहून ठरते. म्हणून दा. ध. कोसंबी मी पुन्हा वाचायला घेतले. तक्षशिलेच्या आहत नाण्यांपैकी आधीची कोणती, असा प्रश्न पडला तेव्हा या गणितज्ञाने तराजू घेतला. नाणे हातोहाती झिजते. सरासरी वजन घटते, नाण्यानाण्यांतली तफावत वाढते. हे एका नाण्यावरून कळत नाही, ढिगावरून कळते. भर्तृहरीच्या सुभाषितांतली जुनी कोणती, याला मात्र तराजू निरुपयोगी. तिथे हस्तलिखितेच ताडून पाहायला हवीत; ती आवृत्ती १९४८ची.

‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’त (१९६२) प्रश्न वेगळा: मातृदेवता गावाबाहेर, वाटांच्या तिठ्यावर का? त्यासाठी ते पुण्याच्या परिसरात पायी हिंडले. ठाण्यांजवळ त्यांना इवली दगडी हत्यारे, म्हणजे सूक्ष्मास्त्रे, सापडली.

इथे माझी तक्रार आहे. हत्यार आणि शेंदरी तांदळा एका जागी दिसले, तर जवळीक सिद्ध होते, सातत्य नव्हे. मधल्या हजारो वर्षांत तिथे पूजा चालू होती का, हा थरांचा प्रश्न आहे. पृष्ठभागावरच्या वेचणीने तो सुटत नाही. कोसंबी जुन्या वाटांचा आधार जोडतात, तर्क देखणा होतो, पण पुरावा वरवरचाच राहतो. त्यांचे चाहते हा तर्क निष्कर्ष म्हणून उद्धृत करतात. मला तो अजून प्रश्नच वाटतो; एखाद्या ठाण्यालगत, देवीला धक्का न लावता, चाचणी-खड्डा घ्यावा इतका चांगला प्रश्न.